चाक, भट्टी आणि कॅनव्हास: गोव्यातील एका चित्रकर्तीच्या कामाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील चित्रकर्ती बार्देश तालुक्यात राहते. तिची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचे व गॅलरीचे नाव आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत. कामाची प्रक्रिया, निर्णयांचा क्रम आणि त्यांचे परिणाम मात्र घडले तसेच मांडले आहेत. मी चित्रकला शिकवण्याच्या व्यवसायात अनेक वर्षे काढली आहेत आणि तिचे काम सुरुवातीपासून पाहत आले आहे, त्यामुळे या काळात तिने वेळोवेळी माझ्याशी चर्चा केली, आणि पुढील लेखन त्या चर्चांवर व तिच्या कामाच्या वह्यांवर आधारलेले आहे.

तिचे शिक्षण चित्रकलेचे. पदविकेनंतर ती अमूर्त चित्रे रंगवत होती, परंतु त्यावर घर चालणे शक्य नव्हते. पुद्दुचेरीत 1971 मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीतून स्टोनवेअर, म्हणजे उच्च तापमानात भाजलेली टणक भांडी, शिकलेल्यांची जी परंपरा देशभर पसरली, तिच्यातल्याच एका शिक्षकाकडे ती मातीकाम शिकली आणि गोव्यात परतून घरामागच्या पडवीत तिने चाक व विजेची भट्टी बसवली. ऑक्टोबर ते मे या पर्यटनाच्या हंगामात वाडगे, बशा आणि पेले यांना चांगली मागणी असे. काही वर्षांतच मातीकाम हा तिचा चरितार्थ झाला आणि चित्रकला उरलेल्या वेळात करायची गोष्ट झाली.

अडचण

एका गॅलरीने तिच्या चित्रांचे एकल प्रदर्शन भरवण्याची तयारी दाखवली, तेव्हा अडचण प्रथम उघडपणे समोर आली. गॅलरीच्या संचालिकांनी स्टुडिओ पाहिला आणि प्रदर्शनाच्या निदान वर्षभर आधी भांड्यांची विक्री थांबवावी किंवा ती वेगळ्या नावाने करावी, असे सुचवले. त्यांचा मुद्दा बाजाराचा होता: कॅनव्हासवर जी आकृती दिसते तीच तिच्या बशीवर, किमतीच्या अगदी छोट्या हिश्श्यात, शेजारच्या दुकानात मिळत असेल तर चित्र कोण घेणार? व्यवहार म्हणून हा प्रश्न चुकीचा नव्हता. मला मात्र त्या बोलण्यातली दुसरी बाजू अधिक गंभीर वाटली. तीच आकृती दोन्हीकडे कशी काय आली, हे आधी तपासायला हवे होते.

आम्ही तिची अलीकडची चित्रे आणि भांडी शेजारी शेजारी मांडून पाहिली. चित्रांत तिने अॅक्रिलिकमध्ये जाड टेक्श्चर पेस्ट वापरून तडे पाडले होते, वरून रंग ओघळवले होते आणि कडांशी तपकिरी छटा दिली होती. ही सर्व लक्षणे ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाची, होती. भट्टीत ग्लेझ वितळते, उताराच्या दिशेने वाहते, भांड्याच्या काठावर पातळ होते आणि तिथे खालच्या मातीतले लोह वर दिसू लागते. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा अधिक आकसले तर त्याला बारीक तडे जातात. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे उष्णतेचे आणि रसायनाचे कारण असते. कॅनव्हासवर ते कारण नव्हते, म्हणून तिथले तडे नुसते सजावटीचे दिसत होते. चित्र पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता आले नसते, परंतु तो त्या चित्रापुढे फार वेळ थांबला नसता, असे माझे मत आहे.

भांड्यांकडे उलट दोष होता. पांढऱ्या ग्लेझवर ती कुंचल्याने अमूर्त फटकारे काढीत असे आणि ते खपत. पण वाडगा हातात फिरतो, त्याला चार कडा नसतात, त्याची आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकाच वेळी दिसत नाही. चौकटीसाठी रचलेली आकृती त्याच्यावर चिकटवल्यासारखी दिसत होती. थोडक्यात, दोन्ही माध्यमे एकमेकांचा केवळ चेहरा उसना घेत होती.

तिची स्वतःची तक्रार वेगळ्या शब्दांत होती. चित्र संपतच नाही, असे ती म्हणे. एकेका कॅनव्हासवर ती महिनोन्महिने दुरुस्त्या करीत राही. काल लावलेला रंग आज पुसायचा, उद्या पुन्हा आणायचा. मातीकामात मात्र ही सवय तिला अजिबात नव्हती. चाकावरची भिंत एकदा ओढली की ओढली, जास्त कुरवाळली तर माती पाणी पिऊन बसते आणि भांडे कोसळते. एकाच व्यक्तीच्या हातात एका खोलीत निर्णयक्षमता होती आणि दुसऱ्या खोलीत नव्हती, हे मला या प्रकरणाचे मर्म वाटते.

विचारात घेतलेले पर्याय

संचालिकांनी सुचवलेला, दोन नावांनी काम करण्याचा पर्याय तिने लवकर बाजूला ठेवला. गोव्यासारख्या लहान प्रदेशात असे नाव लपत नाही, हे एक कारण. आणि लपले असते तरी चित्रांतील उसनेपणा त्याने गेला नसता, हे त्याहून मोठे कारण. वर्षभर चाक बंद ठेवण्याचा पर्याय तिला आकर्षक वाटत होता, परंतु मुलांच्या शिक्षणाचा खर्च पाहता तो परवडणारा नव्हता.

तिसरा पर्याय दोन्ही कला एकत्र करण्याचा होता: मातीच्या मोठ्या फरशांवर ग्लेझने चित्रे करायची आणि ती भिंतीवर टांगायची. याला मोठा वारसा आहे. होआन मिरो या स्पॅनिश चित्रकाराने आर्टिगास या सिरॅमिककाराच्या साथीने पॅरिसच्या युनेस्को मुख्यालयासाठी सूर्य आणि चंद्राच्या भिंती केल्या, त्या 1958 मध्ये पूर्ण झाल्या. तिला ही कल्पना मनापासून आवडली होती आणि तिने ती करूनही पाहिली.

चौथा पर्याय मी सुचवला होता, पण तेव्हा तो धूसर होता. दोन्ही कामे चालू ठेवायची, मात्र एकाचे रूप दुसऱ्यात न्यायचे नाही. मातीकामाची जी शिस्त तिच्या हातात आधीच आहे ती चित्रात कुठे लागू पडते, हे शोधायचे. या विचाराला आधार देणारे एक उदाहरण माझ्या मनात होते. लुचो फोंताना हा इटालियन कलावंत 1930च्या दशकापासून मातीत काम करीत होता. कॅनव्हासवर पात्याने चिरा देणारी त्याची प्रसिद्ध चित्रे 1958 पासूनची आहेत. मातीला भोक पाडणारा, चिरणारा हात पुढे कॅनव्हासकडे गेला, असे मला त्यात दिसते. त्या चित्रांत मातीचा रंग नाही की पोत नाही. गेली ती कृती.

केलेली कृती

पहिला प्रयत्न फरशांचा. साधारण अर्धा मीटर लांबीच्या फरशा तिने लाटल्या. वाळताना कडा आधी सुकतात आणि मध्य ओला राहतो, त्यामुळे फरशी होडीसारखी वाकते. ते टाळण्यासाठी तिने मातीत भाजलेल्या मातीची भुकटी मिसळली, फरशा दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्रांच्या थरांत ठेवल्या आणि कागद रोज बदलले. वाकणे कमी झाले. तरी तिच्या मातीचे आकसणे वाळण्यापासून पक्क्या भाजणीपर्यंत सुमारे 12 टक्के होते, म्हणजे 50 सेंटिमीटरची फरशी 44 सेंटिमीटरची होऊन बाहेर येई. काही फरशा भट्टी थंड होताना तडकल्या. मातीतल्या क्वार्ट्‌झची अंतर्गत रचना 573 अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते आणि त्याचे आकारमान अचानक कमी-जास्त होते. मोठ्या सपाट वस्तूचा एक भाग हे तापमान आधी ओलांडतो, दुसरा नंतर, आणि त्या ताणात ती फाटते. भट्टी अधिक सावकाश थंड केल्यावर हे बरेचसे थांबले.

फरशांनी खरा धडा दिला तो रंगाचा. कच्चे ग्लेझ लावताना डोळ्याला जे दिसते ते अंतिम रंगाशी जुळत नाही. लोहाचे ग्लेझ कच्चे असताना गुलाबीसर दिसते आणि भट्टीतून मधाळ, तपकिरी किंवा काळे होऊन येते. कोबाल्ट कार्बोनेट जांभळट दिसते आणि निळे होते. चित्रकार ज्या डोळ्यावर विसंबून क्षणोक्षणी निर्णय घेतो, तो डोळा इथे उपयोगाचा नसतो. निर्णय आधीच्या भाजण्यांच्या नोंदींवर आणि थराच्या जाडीच्या अंदाजावर घ्यावा लागतो, आणि एकदा दार लावले की तो मागे घेता येत नाही. तिने वहीत लिहिले होते की फरशीवर काम करताना ती चित्राकडे पाहत नाही, ती क्रमाकडे पाहते. हे वाक्य वाचल्यावर चौथ्या पर्यायाला पहिल्यांदा काही आकार आला.

याच सुमारास दुसरा धागा जुळला. स्थानिक माती वापरावी म्हणून ती डिचोलीच्या एका वयस्कर कुंभाराकडे जाऊ लागली. डिचोलीची कुंभारकी जुनी आहे. चतुर्थीच्या आरत्यांना लागणाऱ्या घुमट या वाद्याची मडकी तिथे घडतात. 2019 मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झालेल्या या वाद्याला एका बाजूला मोठे आणि दुसऱ्या बाजूला लहान तोंड असते, आणि त्याचा फुगवटा आवाजासाठी असतो. तिथे रंगकामाला काही काम नाही. त्या कुंभारकाकांनी तिची भांडी हातात घेऊन आधी वजन पाहिले, मग काठ पाहिला, आणि वरच्या फटकाऱ्यांविषयी एक शब्दही बोलले नाहीत. माती नेण्याविषयी मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले: “बाय, ही माती तुमच्या भट्टीत उभी राहायची नाही.” ते बरोबर होते. शेतातली ही लोहयुक्त माती उघड्या आव्याच्या आचेसाठी असते. तिच्या विजेच्या भट्टीत 1220 अंशांवर त्या मातीचे भांडे फुगून बसले असते. तिने ती माती गाळून, पाण्यात पातळ करून, पांढऱ्या स्टोनवेअर भांड्यांवर थर म्हणून वापरली. हा थर भांडे चामड्याइतके घट्ट असताना द्यावा लागतो, म्हणजे दोन्ही माती बरोबरीने आकसतात. पूर्ण सुकलेल्या भांड्यावर दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. त्या आचेला हा थर वितळून गडद तपकिरी, जागोजागी काळ्याकडे झुकणारा झाला आणि जिथे तिने तो ओला असतानाच खरवडला होता तिथे खालची पांढरी माती स्वच्छ रेषेत उघडी पडली.

गोव्यात वाढलेल्या माणसाला ही रेषा परकी नाही. जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी कामात हेच तत्त्व आहे: चुन्याच्या गिलाव्यावर काव मिसळलेला लाल थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा थर वर आणायचा. थर वाळला की संधी गेली. तिने कावी काम लहानपणापासून पाहिलेले होते. त्याकडे कारागिराच्या नजरेने तिने आता पाहिले.

यानंतरचा निर्णय तिचा स्वतःचा होता आणि या प्रकरणात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिने टेक्श्चर पेस्ट पूर्णपणे सोडली आणि चित्रासाठी भांड्याचा क्रम स्वीकारला. लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास खरवडताना दबतो आणि मागच्या पट्ट्यांच्या खुणा पुढे उमटतात, म्हणून तिने कापड जाड प्लायवर चिकटवले. त्यावर खडूची पूड मिसळलेले पांढरे थर, मग कावेचा, मग राखाडी किंवा काळा असे पातळ थर दिले. वरचा थर अर्धवट ओला असण्याच्या अवधीतच, भांडे गुळगुळीत करण्याच्या धातूच्या पातळ पट्टीने, तो काढायचा. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती नाही. फसले तर संपूर्ण पृष्ठभाग घासून पुन्हा पहिल्या थरापासून सुरुवात, किंवा ते चित्र रद्द. गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवीत व काढीत, हे तिला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होते; पण त्यांच्या चित्रांतील प्रकाशाची नक्कल तिने एकेकाळी केली होती, आणि रंग काढून टाकणे हेही रंगवणेच आहे, ही गोष्ट तिच्या हाताला मातीमुळे कळली.

कामाचे वेळापत्रकही बदलले. जून ते सप्टेंबर गोव्यातील हवा इतकी दमट असते की भांडी आठवडेच्या आठवडे वाळत नाहीत, आणि ओलसर भांडे भट्टीत घातले तर आतल्या वाफेने फुटते. पूर्वी ती या महिन्यांत पंखे लावून ऑर्डरी ओढत असे. आता तिने पावसाळा चित्रांना दिला. दमट हवेत पाण्याचे रंग सावकाश वाळतात, त्यामुळे थर खरवडण्याचा अवधी लांबतो; जी हवा भट्टीला मारक तीच या चित्रपद्धतीला पोषक ठरली. बुरशीचा धोका मात्र वाढला. चित्रे भिंतीला टेकवून ठेवणे बंद करावे लागले, मागून हवा खेळेल अशी मांडणी करावी लागली, आणि एक चित्र तरीही मागच्या बाजूने काळे पडून वाया गेले.

भांड्यांवरचे फटकारे तिने थांबवले. वाडग्यांवर आता एकच थर असतो आणि बोटे जिथे बसतात तिथे एक खरवड.

परिणाम

प्रदर्शन ठरल्यापेक्षा उशिरा झाले, कारण जुनी बहुतेक चित्रे तिने मागे घेतली. संचालिकांना हे रुचले नाही आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. निमंत्रणपत्रिकेसाठी निवडलेले चित्रच मागे घेतलेल्यांपैकी होते. भांडी ठेवायची की नाही यावर बराच वाद झाला. शेवटी मोजके वाडगे स्वतंत्र खोलीत, चित्रांपासून दूर, टेबलावर ठेवले गेले. पाहणाऱ्यांना ते उचलण्याची मुभा होती. चित्राशेजारी जुळणारे भांडे मांडायचे नाही, हा तिचा आग्रह संचालिकांनी मान्य केला. माझ्या मते तो योग्य होता, कारण जोडी मांडली की पाहणारा साम्य शोधण्यात गुंततो आणि दोन्ही वस्तू अर्ध्याच पाहिल्या जातात.

विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. फटकाऱ्यांचे वाडगे मिळेनासे झाल्यामुळे दोन दुकानांनी ऑर्डर कमी केल्या आणि त्या हंगामात तिचे उत्पन्न स्पष्टपणे घटले. पुढच्या हंगामात साध्या वाडग्यांना नवे ग्राहक मिळाले, बहुतांशी खानावळी आणि लहान हॉटेले, आणि तूट काहीशी भरून निघाली. चित्रांच्या बाबतीत फरक कामातच दिसतो: एकेक चित्र आता महिनोन्महिने रेंगाळत नाही, रद्द होणाऱ्या चित्रांचे प्रमाण मोठे आहे, आणि जी उरतात त्यांच्यासमोर मी स्वतः जास्त वेळ उभी राहते. कावेच्या लाल थरातून वर आलेली पांढरी पट्टी तिथे का आहे, हे तिच्याकडे पाहूनच कळते. ग्लेझचे तडे रंगवलेल्या चित्रांत हे कधी जाणवले नव्हते.

डिचोलीच्या काकांचे नाव, त्यांच्या संमतीने, प्रदर्शनाच्या पत्रकात मातीच्या उल्लेखाबरोबर छापले गेले आणि त्यांना मातीचे व शिकवण्याचे पैसे दिले गेले. मिरोच्या भिंतींबरोबर आर्टिगासचे नाव घेतले जाते, तेव्हा आपल्याकडच्या कुंभाराचे नाव गाळण्याला काहीच कारण नाही.

निर्णयांचा फेरविचार

गॅलरीने विचारणा केली तेव्हाच, तारीख ठरवण्यापूर्वी, चित्रे आणि भांडी एकत्र मांडून पाहिली असती तर निमंत्रणपत्रिकेचा प्रसंग टळला असता. अशी मांडणी करायला एक दुपार लागते. दोन माध्यमांत काम करणाऱ्या कोणत्याही कलाकाराने प्रदर्शनाचा करार करण्याआधी ती करावी, असे मी आता विद्यार्थ्यांना सांगते.

फरशांवर गेलेला काळ वाया गेला का, यावर आमचे मत जुळत नाही. तिच्या मते लहान आकाराच्या चाचणी फरशांवरही तेच शिकता आले असते आणि माती, वीज, वेळ वाचले असते. मला तसे वाटत नाही. हाताच्या तळव्याएवढ्या तुकड्यावर ग्लेझची चाचणी होते. पण चित्रकाराची दुरुस्तीची सवय मोडायला चित्राएवढाच पृष्ठभाग लागतो, ज्यावर त्याला काहीतरी गमावण्याची भीती वाटेल. फटकाऱ्यांचे वाडगे एकदम बंद करण्याऐवजी एक हंगाम दोन्ही प्रकार चालू ठेवले असते, तर उत्पन्नाचा धक्का कमी बसला असता, हे मात्र आम्हा दोघींना मान्य आहे. दुकानदारांशी आधी बोलणेही झाले नव्हते.

काही प्रश्न खुले आहेत. डिचोलीची माती ज्या शेतांतून येते त्यांपैकी काही भरावाखाली जात आहेत, त्यामुळे पुढील वर्षांसाठी किती साठा करावा, हा तिच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न आहे. एका वास्तुविशारदाने तिला नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारासाठी ग्लेझच्या फरशांची भिंत करायला सांगितले आहे. पैसे चांगले आहेत. नमुना म्हणून त्यांनी तिच्याच एका चित्राचे छायाचित्र पाठवले आणि ते फरशांवर जसेच्या तसे उतरवावे, असे कळवले. तिने छायाचित्राप्रमाणे काम करण्यास नकार दिला आहे, भिंतीची मापे मागवली आहेत, आणि त्या मापाच्या आठव्या हिश्श्याएवढ्या फरशा पावसाळ्यापूर्वी भाजून दाखवण्याची तयारी कळवली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.